जपानी गाडीचा टेप

आमच्या घरमालकांनी मला खोली दिली तेव्हा एकच प्रश्न तीनदा विचारला. "एकट्याच ऱ्हानार न्हवं?" एकदा फाटकात, एकदा पाण्याचा तांब्या पुढे करताना, आणि एकदा मी चपला घालत असताना पाठमोरं उभं राहून, अगदी सहज आठवल्यासारखं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं म्हणून मला किल्ली मिळाली. पुढे कळलं की तोच प्रश्न त्यांनी भोरच्या डेपोत जाऊन आमच्या कंट्रोलरलाही विचारला होता.

मी एसटीत कंडक्टर आहे. आम्हाला संशय घेण्याचाच पगार मिळतो म्हणा ना. हाफ तिकीट मागणाऱ्या पोराची मिसरूड मला पुढच्या दारातून दिसते, आणि मागच्या सीटवर कोण खरं झोपलंय नि कोण आपला स्टॉप येईपर्यंत डोळे मिटून बसलंय हेही कळतं. पण ह्या घरमालक काकांच्या घरात राहायला गेले आणि मला मी अगदीच भोळी वाटायला लागले. ह्या माणसाचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. पेपर आला की आधी वरची तारीख बघायचे, पेपरवाला कालचा टाकून जाईल म्हणून. गॅसचा सिलिंडर आला की काट्याला लावायचे. कुलूप घालून ओढायचे, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत येऊन पुन्हा ओढायचे. कुणी आपणहून मदत केली, कुणी नुसतं हसून नमस्कार केला, तरी मान जरा वाकडी करून म्हणायचे, "ह्यात गोम हाय."

काकू म्हणायच्या की हे म्हातारपणाचं नाही, मूळचंच आहे. लग्नात अंतरपाट धरला तेव्हा पलीकडे दाखवलेलीच मुलगी आहे का दुसरी, हे बघायला म्हणे ह्यांनी वाकून खालून डोकावलं होतं. भटजी मंगलाष्टकं विसरले. काकू हे सांगताना अजून लाजायच्या, आणि मग लगेच पदराने तोंड पुसून कामाला लागायच्या.

काका मूळचे वेल्ह्याकडच्या डोंगरातले. तरुणपणी रस्त्याच्या कामावर रोलर चालवायला लागले आणि त्याच कामावरून एका कंपनीबरोबर आफ्रिकेत गेले. तिथे बरीच वर्षं काढली, पोटापुरतं कमावलं आणि भोरला येऊन घर बांधलं. पण कुठल्याही मिस्त्रीला हात लावायला दिला की काका त्याच्या डोक्यावर उभे. आपल्याकडे गाडीचा एखादा पार्ट बदलला की जुना पार्ट मागून घ्यायची पद्धत आहेच, खरंच बदलला ह्याची खात्री म्हणून. काकांनी ती पद्धत साऱ्या जगाला लावली होती. जुने नळ, जुने पट्टे, पंख्याचं जळकं कॉइल, सगळं जिन्याखाली सुतळीने बांधून ठेवलेलं. डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी बांधलेल्या अवस्थेत त्यांनी डॉक्टरांकडे काढलेला मोती मागितला. डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. तो मिळाला नाही ही गोष्ट त्यांनी पुढे कधी सोडली नाही.

अशा माणसाचा जीव एका गाडीवर होता, आणि तिची गोष्ट सांगायची तर तिच्या टेपपासूनच सुरुवात करायला हवी.

गाडी जपानी. पांढरी, लांबलचक, सरकत्या दाराची. आफ्रिकेत जपानच्या वापरलेल्या गाड्या बोटी भरभरून येतात, तिथे त्यांनी ती घेतली होती आणि कायमचे परत येताना घरच्या सामानाबरोबर इकडे आणली. भोरमध्ये तशी दुसरी नव्हती. डॅशबोर्डमध्ये मूळ कंपनीने बसवलेला टेप होता. आता त्याला स्टिरिओ म्हणतात, पण आम्ही सगळे टेपच म्हणायचो. त्याला पडदा होता आणि गाडी चालू केली की त्यातून एक बाई अतिशय अदबीने जपानीत काहीतरी बोलायची. पडद्यावरचा नकाशा फक्त जपानचा, त्यामुळे आम्ही भोरच्या बाजारपेठेतून जात असलो तरी त्याच्या मते गाडी भर समुद्रात असायची. रेडिओ लावला तर नुसती खरखर, कारण जपानच्या रेडिओची पट्टी आपली बहुतेक स्टेशनं सुरू होण्याआधीच संपते. काकूंना एवढी गाणी ऐकायची हौस, पण तो टेप बदलायचं नाव काढलं की काका चिडायचे. एकदा मी विचारलं, त्या बाईचं बोलणं तुम्हाला कळत नाही, मग तिचा संशय कसा येत नाही?

"कळत न्हाई म्हनून तर," ते म्हणाले. "जिचं बोलनं कळतच न्हाई ती मला फशिवनार कशी?"



दुसरं कारण मागच्या कॅमेऱ्याचं. गाडी मागे घेताना पडद्यावर मागचं दिसायचं. आमची गल्ली अरुंद, आणि आपल्याकडे कुणी गाडी मागे घ्यायला लागला की रिकामी माणसं आपणहून उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" करतात. काकांच्या मते हे लोक मुद्दाम भिंतीवर आदळवतात. पडद्यावर मात्र त्यांचा विश्वास होता.

आता त्यांच्या लेकीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. एकुलती एक. तिने शिवऱ्याच्या एका मुलाशी स्वतःच्या मनाने लग्न केलं. मुलगा हायवेलगत गाड्यांना टेप, लाइट, सीटकव्हर बसवायचं दुकान चालवायचा. काका लोकांना सांगायचे, त्याचा डोळा आमच्या घरावर आहे, म्हणून विरोध केला. खरं कारण अख्ख्या भोरला माहीत होतं. मुलाच्या घरचे वेल्ह्याच्या वरच्या अंगाला मेंढरं राखणारे होते. जातीबाहेर लेक गेली हे काका तोंडाने म्हणू शकत नव्हते, म्हणून संशयाच्या मागे लपत होते. मला ह्याचा राग यायचा आणि तो मी त्यांना बोलूनही दाखवला होता. लग्न झाल्यापासून त्यांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. ती घरी यायची नाही, काकूंना तिकडे जायची मनाई. काकू माझ्या खोलीत येऊन, दार लोटून, माझ्याच मोबाईलवरून तिच्याशी बोलायच्या, कारण त्यांचा मोबाईल काका तपासायचे. बोलून झालं की बराच वेळ माझ्या कॉटवर तशाच बसून राहायच्या. त्या बाईला मरायच्या आधी लेकीच्या हातचा चहा प्यायचा होता. एवढंच म्हणणं होतं त्यांचं.

दर गुरुवारी काका गाडी काढून एकटेच वेल्ह्याला जायचे. वडिलार्जित जमिनीचा तुकडा आहे, तो बघायला, असं सांगून. एका गुरुवारी मी भोर-स्वारगेट गाडीवर होते. वेल्ह्याला जायचं तर नसरापूरपाशी हायवे सोडून आत वळावं लागतं. आमची एसटी नसरापूर मागे टाकून शिवऱ्याला आली, आणि मी खिडकीतून बघते तर काकांची पांढरी गाडी हायवेच्या ह्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली उभी. बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, जावयाचं दुकान. काका आत बसलेले, टोपी कपाळावर ओढलेली.

मी तिकिटं फाडायची विसरले. थोड्याच दिवसांपूर्वी हायवेच्या लोकांनी त्या रांगेतल्या फक्त ह्याच दुकानाची पुढची शेड काढायला लावली होती, कुणीतरी अर्ज केला म्हणून. अर्ज कुणी केला ते कळलं नव्हतं. आता मला वाटलं, कळलं. हा माणूस दर आठवड्याला इथे येऊन टेहळणी करतो, पोराचं काय चुकतंय ते हेरतो आणि जाऊन अर्ज टाकतो. मी काकूंना काही सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून काकांच्या हातचं पाणीसुद्धा मला गोड लागेना. जिन्यात भेटले की मी वेल्ह्याच्या पिकापाण्याची चौकशी करायचे. ते अगदी तपशिलात उत्तर द्यायचे, बांधावर कुणाची गुरं शिरली इथपर्यंत. खोटं बोलणारा माणूस नेहमी जास्त तपशील देतो, हे मी तिकिटाच्या धंद्यात शिकले आहे.

त्या पावसाळ्याअखेर भोरमध्ये गाड्या चोरीला जातात अशी आवई उठली. काकांनी लगेच उपाय काढला. रोज संध्याकाळी बॉनेट उघडून बॅटरीची वायर सोडवायची आणि सकाळी पुन्हा लावायची. पहिल्याच सकाळी त्यांनी गाडी चालू केली तर टेपमधली बाई बोलली नाही. पडद्यावर जपानी अक्षरं, त्याखाली रिकाम्या चौकटींची ओळ, आणि काही केल्या पुढे सरकेना. कॅमेरासुद्धा बंद.

मग चौकशी सुरू झाली. बॅटरीवाल्याला बोलावलं, त्याला आणि त्याच्या भावाला वेगवेगळं उभं करून तेच प्रश्न विचारले. समोरच्या किराणावाल्याला विचारलं, गाडीजवळ कोण आलं होतं. मलाही सोडलं नाही. माझ्या मावशीचा मुलगा आदल्या दिवशी येऊन गेला होता, तो काय शिकतो, गाडीकडे का बघत होता. मी सांगितलं, तो डोळे असल्यामुळे बघत होता. ते काकांना आवडलं नाही. गाडी मात्र रोज मागे घ्यावी लागत होती, "येऊ द्या" वाल्यांवर विश्वास नव्हता आणि पडदा काळा. शेवटी एका सकाळी त्यांनी माझी स्कूटी भिंतीला लावून चेपली. तेव्हा टेप बदलायचा हे ठरलं.

बदलायला कोणी तयार होईना. भोरमधल्या दुकानदाराने उघडून बघितलं आणि सांगितलं, ह्याचा गाळा, म्हणजे टेप बसतो ती खाच, आपल्या टेपपेक्षा रुंद आहे, कॅमेऱ्याची पिनही वेगळी. पुण्यात एकाने डॅशबोर्ड कापावा लागेल म्हटलं, तेव्हा काकांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि गाडी घेऊन त्याच्या दुकानातून तडक निघाले. प्रत्येकाने शेवटी एकच नाव सांगितलं. जपानी गाडीचं काम शिवऱ्याचा तो मुलगाच करतो. तीन ठिकाणी हे ऐकल्यावर काका म्हणाले की सगळे एकमेकांना आतून मिळालेले आहेत.

तरी गेले. मला माझ्या सुट्टीच्या दिवशी साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं. काकू दारात उभ्या होत्या, त्यांना "चल" म्हटलं नाही. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मला त्या क्षणी काकांना त्यांच्या टोपीसकट गाडीतून खाली ढकलून द्यावंसं वाटलं.

जावई तिशीतला, काटक, कमी बोलणारा. सासऱ्याला बघून त्याने हात पुसले आणि "या मामा" म्हणाला.

"मी गिऱ्हाईक म्हनून आलोय," काका म्हणाले. "जुना टेप मला परत पायजे. स्क्रूसकट."

तो बरं म्हणाला. पडद्यावरची अक्षरं बघून त्याने विचारलं की बॅटरी काढली होती का. काका म्हणाले, रोजच काढतो. मग त्याने सांगितलं की ह्या टेपची वीज तुटली की त्याला वाटतं आपल्याला चोराने पळवलंय, आणि तो स्वतःला कुलूप लावून घेतो. ते उघडायचा आकडा पहिल्या जपानी मालकाकडे. म्हणजे चोराच्या भीतीने काकांनीच आपल्या हाताने तो बंद केला होता. त्यांनी थोडा वेळ टेपकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "हुशार हाय ह्यो." बॅटरीवाल्याची माफी मागावी असं काही त्यांच्या मनात आलेलं दिसलं नाही.

दुकानाच्या मागेच त्यांचं घर होतं. दारावरच्या पडद्याआडून लेक बघत होती. ती बाहेर आली नाही, काकांनी तिकडे मान वळवली नाही. ते हातात टॉर्च घेऊन जावयाच्या खांद्याला खांदा लावून वाकले होते. त्याने कडेच्या पट्ट्या काढल्या, स्क्रू काढून काकांच्या तळहातावर ठेवले आणि टेप बाहेर ओढला. टॉर्चचा उजेड आतल्या पोकळीत पडला.

आत वायरींच्या जुडग्याला चिकटपट्टीने बांधलेली एक काळी डबी होती आणि तिच्यावर बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"थांब," काका त्याला म्हणाले, मग मला हाक मारली. "बाई, हिकडं या. बघून ठेवा. हे जपानचं न्हवं."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. तो आनंद होता. आयुष्यभर घेतलेल्या संशयांपैकी एक अखेर खरा निघाला होता. मग तो आनंद विझला आणि त्यांनी जावयाकडे बघितलं.

"म्या बसवलंय, मामा," तो म्हणाला. "गाडी कुठं हाय ते मोबाईलवर कळतं त्यानं."

मला वाटलं, संपलं. आता ह्या घराचं दार कायमचं बंद. काकांनी स्क्रू खिशात टाकले, किल्लीकडे हात नेला, आणि तेवढ्यात लेक पडदा सारून बाहेर आली. अंगावर कामाची साडी, हात ओले.

तिने सांगितलं की डबी तिनेच बसवायला लावली, आईला विचारून, काका डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात होते तेव्हा. "डोळं असं, आन् तुमी एकटं डोंगरात जाता. तितं मोबाईलला रेंज न्हाई. गाडी कुठं पडली तर आमाला कोन सांगनार हुतं, आप्पा?"

ती पुढे म्हणाली की हल्ली रोज संध्याकाळी मोबाईलवरून गाडी दिसेनाशी व्हायची, सकाळी पुन्हा दिसेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. मला आठवलं, त्या दिवसांत ती रोज माझ्या मोबाईलवर फोन करून आई-आप्पा बरे आहेत ना विचारायची.

"म्हंजे तुला समदं दिसतंय," काका म्हणाले. लग्नानंतर तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"व्हय."

त्यांनी हायवेपलीकडच्या लिंबाकडे बघितलं. ट्रक जात होते. मग आवाज एकदम खाली आणून त्यांनी विचारलं, "गुरवारचं बी?"

"व्हय," ती म्हणाली. "वेल्ह्याला तुमी कवाच जात न्हाई. त्या लिंबाखाली ऱ्हाता उभं. मी दुकानातनं घरात गेले की निघून जाता."

माझ्या मनातला तो अर्ज, ती टेहळणी, सगळं त्या क्षणी गळून पडलं. हा माणूस हेरगिरी करायला येतच नव्हता. लेक दिसते का बघायला येत होता, आणि दिसली की परत फिरून आम्हाला बांधावरच्या गुरांच्या गोष्टी सांगत होता. शेडचा अर्ज ज्याने केला असेल त्याने केला असेल.

"मग आली का न्हाईस?" काकांनी विचारलं. "रस्ता तर वलांडायचा हुता."

"आले असते तर तुमी परत आला नसता."

ह्यात गोम शोधायला त्यांना काही जागा नव्हती. मला माझंच रडू आवरेना म्हणून मी उगाच सीटकव्हरांचे नमुने बघायला लागले. जावई पक्कड हातात धरून खाली मान घालून उभा होता. शेवटी त्याने विचारलं, डबी कापून काढू का, मामा?

काका वाकले आणि टॉर्च पुन्हा आत मारला. "नवा टेप बसवताना ती बी आत घाल," ते म्हणाले. "आन् घट्ट बांध. आपले रस्ते लई खराब हायेत."

काम चालू राहिलं. जावयाने रुंद गाळ्यात बसायला दोन्ही कडेला प्लॅस्टिकच्या पट्ट्या घासून घातल्या, कॅमेऱ्याची पिन बदलली. काका सगळा वेळ टॉर्च धरून उभे होते, आता मात्र प्रश्न विचारत नव्हते. जुना टेप वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिला तो त्यांनी न उघडता माझ्याकडे दिला. नवा टेप चालू झाला, त्यावर मराठी गाणं लागलं, मागचा रस्ता पडद्यावर दिसला.

"समदं झालं," जावई म्हणाला.

"डबी चालतीय कशावरनं?" काका म्हणाले.

लेकीने मोबाईल पुढे केला. पडद्यावर शिवरं दिसत होतं आणि हायवेच्या कडेला एक ठिपका. काकांचं समाधान झालं नाही. उभी गाडी कुणीही दाखवेल, म्हणाले, चालती दाखवा. जावयाने गाडी चार हात पुढे घेऊन दाखवतो म्हटलं.

"तेवढ्यानं काय कळतंय?" काका म्हणाले, आणि ज्या गाडीच्या स्टिअरिंगला त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता तिची किल्ली त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. "भोरपातूर जाऊन ये. आन् मोकळा येऊ नको. हिच्या आईला घिऊन ये."

त्याने पक्कड बाकावर ठेवली. मग चटकन चढला आणि निघाला. काकांनी मला साक्षीदार म्हणून त्याच्याबरोबर धाडलं नाही की त्याला वाटेतून फोन करायलाही सांगितलं नाही. दुकानासमोरच्या बाकावर लेक मोबाईल घेऊन बसली. काका तिच्यापासून हातभर लांब बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ती ठिपक्याकडे बघून गावं सांगत होती, आमचा एखादा नवा कंडक्टर सांगतो तशी, जरा घाबरत.

"नसरापूर," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "कामथडी आली, आप्पा."

काका बाकावरून सरकत तिच्या अगदी शेजारी गेले आणि डोळे बारीक करून मोबाईलवर वाकले.

"मला बी दिसू दे," ते म्हणाले.